महानंदाच्या कपबशा

कंधारच्या संस्थेची बाई घरं बघायला येणार म्हटल्यावर साखराबाईनं आधी दारापुढं सडा टाकला. गल्लीतल्या सगळ्यात गरीब तीन घरांना संस्था दोन-दोन शेळ्या देणार होती आणि साखराबाईला त्या हव्याच होत्या. नवरा गेल्यापासून दुसऱ्याच्या रानात खुरपून तिचे गुडघे बोलायला लागले होते. शेळ्यांमागं निदान हळूहळू चालता तरी येतं.

पण पाहुणीला घरातल्या चेपलेल्या जर्मनच्या वाटीत चहा द्यायचा? पाहुण्याला घर उघडं दिसू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. एकीच्या नथीवर तिघींची लग्नं लागलेली. साखराबाईनं दुकानवाल्या महानंदाच्या निळ्या फुलांच्या कपबशा आणल्या, शेजारच्या निवृत्तीची खुर्ची आणली, शेजारीण उज्वलाची सतरंजी अंथरली.

दीपमाला नावाची ती पोरगी खुर्चीत बसली, चहा प्याली अन् म्हणाली, "मावशी, तुमचं तर बरं चाललंय की!" आणि कागदावर तसं लिहिलंही.

शेळ्या हातच्या चालल्या, हे साखराबाईला कळलं. पण मागून आणलंय हे सांगायचं कसं? "हाव, देवाची किरपा," ती बोलून बसली.

दीपमाला पुढच्या दारानं निघाली, तशी मागच्या दारानं उज्वला आली. "आक्का, कप दे लवकर! आता माझ्याकडं येऊन राहिली ती." कप विसळले, गेले. मागोमाग खुर्चीही गेली.

चौथ्या घरी साखराबाई दारातून डोकावत होती. दीपमालानं कप उचलला आणि बघतच राहिली. तेच निळं फूल, काठाला तोच टवका. खुर्चीचा सुतळीनं बांधलेला हातही तोच.

"मावशी, हा कप माझ्याआधी पोचतोय सगळीकडं! खरं सांगा, कुणाचा?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"महानंदाचा," शेवटी साखराबाईच म्हणाली. "खुर्ची निवृत्तीची. च्यातली साखर तेवढी माझी व्हती, बाई."

"ती बी माझ्याकडनं नेलेली!" उज्वला म्हणाली.

हसता हसता दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा पहिल्या घरापासून निघाली. "आता कुणी चहा करायचा न्हाई. मी भुईवर बसणार."

दिवाळीच्या आत साखराबाईच्या दारात दोन शेळ्या बांधल्या गेल्या. त्यातली एक संक्रांतीला व्याली. दीपमाला बघायला आली, तेव्हा साखराबाईनं चहा पुढं केला.

"ह्या बारीला साखर बी माझी, दूध बी माझं."

कप मात्र निळ्या फुलांचाच होता. त्याच्या बदल्यात महानंदा सकाळीच तांब्याभर दूध घेऊन गेली होती.