वाटीभर म्हणजे किती

कारखान्याच्या कँटीनमध्ये नव्या साहेबांनी भिंतीवर कागद डकवला. एक वाटी भात म्हणजे एकशे तीस ग्रॅम. माणशी दोन वाट्या, म्हणजे दोनशे साठ. आजपासून वाटी बंद, ताट काट्यावर ठेवून वाढायचं. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून, म्हणे!

मावशींनी कागद वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अठरा वर्षं त्या इथं भात वाढत होत्या.

"साहेब, ही वाटी भरली कुणी?"

"मीच. तीनदा भरली, तीनदा मोजली. काटा खोटं बोलत नाही, मावशी."

"काट्याला कोण खोटं म्हणतंय? भरून दाखवा बघू."

साहेबांनी चमच्यानं अलगद भात घातला, शीत न् शीत सुटं. एकशे तीस! मावशींनी तीच वाटी घेतली, भात घातला, भातवाढीच्या पाठीनं दाबला, वर आणखी घातला, पुन्हा दाबला. काट्यावर एकशे ऐंशी.

"दाबलं तर मावणारच की जास्त!"

"मग? इथं वाटी दाबूनच भरतात. तुमच्या घरी भरत असतील तशी, फुंकर मारली तर उडेल अशी. दोन वाट्यांमागे शंभर ग्रॅम कापलेत तुम्ही, साहेब. भट्टीवर राबणाऱ्याच्या पोटातले."

साहेबांचा चेहरा पडला, पण माघार कोण घेतो? "कागद लागलाय, माझी सही झालीय. दोनशे साठच वाढायचा. जमत नसेल तर एप्रन काढून ठेवा."

खरं सांगायचं तर मावशींना भीती वाटली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देतंय? तरी त्यांनी गाठ सोडली आणि एप्रन साहेबांच्या हातात कोंबला. भातवाढीही दिली.

"माझ्या हातून कुणाला कमी वाढलं जाणार नाही. वाढा तुम्हीच."

जेवणाची घंटा झाली. रांगेत पहिला भट्टीवाला, दारातून तिरका होऊन आत येणारा गडी. साहेबांनी दोनशे साठ मोजून वाढले.

"चला, पुढे व्हा."

"अहो, पण बाकीचा भात?"

"एवढाच."

गडी जागचा हलेना. त्याच्या मागचाही हलेना. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. एकशे चाळीस माणसं नुसती ताटं धरून उभी. मावशी भिंतीला टेकून हाताची घडी घालून बघत राहिल्या. भीती अजून होतीच, पण नजर काही त्यांनी खाली केली नाही.

साहेबांनी रांगेच्या टोकापर्यंत पाहिलं. त्यांनी थोडा भात घातला. तीनशे. गडी ढिम्म. आणखी घातला. तीनशे तीस. तरी ढिम्म. तीनशे साठ झाले तसं त्यानं ताट उचललं. काट्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

"हं, आता कसं!" म्हणत तो बाकावर जाऊन बसला.

साहेब भिंतीपाशी गेले. दोनशे साठवर काट मारली, तीनशे साठ लिहिलं, खाली सही केली.

"झालं ना मनासारखं? घ्या तुमचा एप्रन."

"घेईन की," मावशी म्हणाल्या, "आधी रांग संपवा. एकशे एकोणचाळीस राहिलेत. आणि दाबून वाढा."