शेवटचा भाग आणि बाबांची शिट्टी

त्या सोमवारी दातांच्या लॅबमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि भांडण तर कुणाचंच झालेलं नव्हतं. पॉलिशवाली मशीनवर कवळी धरून छताकडे बघत होती. प्लास्टरवाला साचे भरता भरता स्वतःशीच हसत होता आणि कुणी पाहिलं की खोकत होता. मोठ्या बाई, म्हणजे लॅबच्या मालकीण, चष्मा पुसत बसल्या होत्या. तिघांनाही बोलायचं होतं, आणि तिघांचंही तोंड एकाच व्यक्तीमुळे बंद होतं.

ती व्यक्ती म्हणजे मेणबाई. कवळीचे दात आधी मेणात बसवतात, ते काम तिचं; म्हणून लॅबमध्ये ती मेणबाई आणि घरी सूनबाई.

आदल्या रात्री ‘फ्रिज कुणी उघडला’ या मालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग झाला होता. एक घर, त्यात नाना तऱ्हेचे भाडेकरू, सगळ्यांत मिळून एक फ्रिज, आणि रोज कुणाचं ना कुणाचं त्यातलं काहीतरी गायब. चोर कोण, हे शेवटच्या भागात कळणार होतं. लॅबचा नियम असा, की चौघांनीही बघितल्याशिवाय भागाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हा नियम आला तो प्लास्टरवाल्यामुळे. एकदा त्याने सकाळी सकाळी सगळं सांगून टाकलं होतं, आणि दुपारी त्याच्या चहात प्लास्टर पडलं होतं. पॉलिशवाली अजून म्हणते, चुकून पडलं.

“बघितलास का गं?” मोठ्या बाईंनी शेवटी विचारलं.

“नाही हो. आज बघते.”

मंगळवारीही तिने तेच सांगितलं. बुधवारी पॉलिशवाली म्हणाली, “मेणबाई, माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, तुला माहितेय. मला आता झोप लागेना.”

“मग तुम्ही बोला ना. मी कानांत बोटं घालते.”

“तुझ्यासाठी थांबलोय होय आम्ही? तुझ्या सासऱ्यांसाठी थांबलोय. ते काय म्हणाले ते कळल्याशिवाय गप्पांना मजा नाही.”

मेणबाईने मेणाची सुरी दिव्यावर धरली.

लॅबमधल्या कुणीही तिच्या सासऱ्यांना पाहिलेलं नव्हतं, पण ओळखत सगळे होते. बाबा म्हणजे पाणीपुरवठ्यातले निवृत्त फिटर. जन्मभर गळती शोधली, त्यामुळे चोर शोधण्यात त्यांचा हात कोण धरणार? दर सोमवारी मेणबाई ‘आमच्या बाबांचं मत’ घेऊन यायची आणि त्यावर दुपारपर्यंत वाद चालायचा. प्लास्टरवाल्याचा संशय संगीतशिक्षकावर, पॉलिशवालीचा घरमालकिणीवर. बाबांचं म्हणणं तिसरंच. “पाइप एका जागी फुटला की धार लागते. इथं धार नाही, नुसती ओल आहे. म्हणजे सगळीकडून थोडं थोडं झिरपतंय. चोर एक नाही. सगळेच आहेत.” त्यावर लॅबमध्ये सगळे हसले होते.

पण हे झालं बाबांचे उरलेसुरले दात काढायच्या आधी. दात गेले, आणि मेणबाईने स्वतःच्या हातांनी त्यांची कवळी केली. आजवरच्या कामातलं सगळ्यात देखणं काम. मोत्याच्या दाण्यासारखे एकसारखे दात, कुठे तिरका नाही, कुठे पुढेमागे नाही. बाबांनी ती घातली, आरशात पाहिलं, “छान आहे” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याच्या वाटीत. जेवण पातळ, बोलणं कमी, तोंडावर रुमाल. रविवारी मालिकेच्या वेळी ते आपल्या खोलीत जाऊन पडायला लागले.

“तू बघ,” ते दाराआडून म्हणायचे. “मला कंटाळा आलाय त्याचा.”

नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा, घरी पाहुण्यासारखा. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “टोचत असेल.” टोचत नव्हती. तिने तपासून घेतली होती. मग आपण केलेली कवळी ते का घालत नाहीत, याचा तिला राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची. माणूस आधी टीव्हीसमोरून उठतो, मग ताटावरून, मग माणसांतून. तिने आपल्या वडिलांचं असंच होताना पाहिलं होतं. म्हणून शेवटचा भाग एकटीने बघायचा नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. तो बघितला, की बाबांना खोलीबाहेर बोलवायला तिच्याकडे काही उरणारच नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत हे सगळं तिच्या तोंडून निघून गेलं. पॉलिशवालीने फोन काढला.

“थांब. तू मला त्यांचं हसणं पाठवलं होतंस बघ, ते घरमालकीण फ्रिजला कुलूप लावते त्या भागाचं.”

तिने ते लावलं. आधी एक बारीक शिट्टी वाजली, मग खदखदून हसू. पुन्हा शिट्टी, पुन्हा हसू. कुकरसारखं.

“ही शिट्टी कुठून यायची?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“पुढच्या दोन दातांत फट होती ना त्यांच्या,” मेणबाई म्हणाली, आणि हातातला घास तसाच राहिला.

फट. ती तिने बुजवली होती. मुद्दाम असंही नाही, हात सवयीनेच तिकडे वळला होता. लॅबमध्ये येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फट बुजवायलाच सांगतं.

“दात काढायच्या आधी डॉक्टरांनी माप पाठवलं होतं,” प्लास्टरवाला म्हणाला. “मी साचा भरला होता. तू म्हणालीस, नको, वाकडं बघून वाकडंच होईल.”

“टाकून दिला असशील.”

“मी काही टाकत नाही. बाई ओरडतात तरी टाकत नाही.” तो मागच्या खोलीत गेला, बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज आले, आणि तो एक पांढरा जबडा हातात घेऊन बाहेर आला. मागचे बरेच दात नव्हते, पण पुढचे दोघे होते, एकमेकांशी अबोला धरल्यासारखे अंतर ठेवून.

संध्याकाळी तो जबडा तिने बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला. अंगठ्याचं नख त्या फटीतून वरून खाली नेलं.

“हे कुठं होतं?”

“लॅबमध्ये. बाबा, खरं सांगा. मी केलेली कवळी का घालत नाही तुम्ही?”

बाबांनी रुमाल तोंडाशी नेला. “एवढी मेहनत घेतलीस तू. तुला कसं सांगणार?”

“आता सांगा.”

“घातली त्या दिवशी अंघोळीला जाताना जरा हसायला आलं, तर शिट्टीच नाही. परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं, पोरी. म्हणलं, हे कोण हसतंय?”

“मग म्हणायचं ना, फट ठेव म्हणून.”

“कुणी मागतं का असलं?”

डॉक्टरांनीही हेच विचारलं. “पेशंट पैसे देऊन फट मागतोय?” पण मेणात बसवलेले दात त्यांनी बाबांच्या तोंडात लावून बघितले आणि चालेल म्हणाले. मेणबाईने साचा समोर ठेवून दोन्ही दात तसेच रुसवले, एक जरासा आत वळवला. हात पुन्हा पुन्हा ते जवळ आणायला बघत होते. ती पुन्हा पुन्हा लांब करत होती. मोठ्या बाईंनी तयार कवळी हातात घेऊन फिरवली. “माझ्या लॅबमधून एवढं वाकडं काम पहिल्यांदाच जातंय,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच डबीत ठेवली. “जाऊ दे. हसतील त्यांचे दात दिसतील.”

पुढच्या रविवारी दुपारी तिने शेवटचा भाग लावला आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवला. बोलवायला गेली नाही. बाबा आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, उठायची तयारी असल्यासारखे. रुमाल हातात होता.

पहिला अर्धा भाग ते हसले नाहीत. संगीतशिक्षक पकडला गेला, सुटला. घरमालकीण फ्रिजसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली. बाबांचा हात दोनदा तोंडाकडे गेला. मेणबाई टीव्हीकडे बघतच नव्हती, तिचं सगळं लक्ष त्या हाताकडे.

मग घरमालकिणीला डुलकी लागली. स्वयंपाकघराच्या एका दाराने संगीतशिक्षक आला, दुसऱ्याने विमावाला, खिडकीतून दोघी बहिणी, प्रत्येकाच्या हातात एक डबा. चोरलेलं गुपचूप परत ठेवायला आले होते सगळे. एकमेकांना बघून सगळ्यांची दातखीळ बसली. आणि खुर्चीतली घरमालकीण डोळे मिटूनच म्हणाली, “माझाही डबा खालच्या कप्प्यात ठेवा कुणीतरी.”

खोलीत शिट्टी वाजली. बारीक, थोडी अडखळत, नव्या नळाला पहिल्यांदा पाणी यावं तशी. मग हसू. मग पुन्हा शिट्टी, या वेळी खणखणीत.

“सगळेच,” बाबा डोळे पुसत म्हणाले, त्याच रुमालाने. “सांगितलं नव्हतं मी? ओल होती ती, ओल. लाव फोन तुझ्या लोकांना.”

“आज सुट्टी आहे त्यांना.”

“लाव गं.”

तिने तिघांनाही एकत्र फोन लावला आणि स्पीकर चालू करून मध्ये ठेवला. आठवडाभर अडवलेलं पाणी एकदम सुटलं. पॉलिशवाली म्हणत होती, मालकीणच खरी चोर, बाकीच्यांना तिनेच वळण लावलं. प्लास्टरवाला म्हणत होता, शेवट घाईघाईत उरकला. मोठ्या बाई मध्येच म्हणाल्या, “एक मिनिट, आधी बाबांना बोलू द्या.”

“शेवट बरा आहे,” बाबा म्हणाले, आणि ‘स’वर ‘श’वर शिट्ट्या उडत होत्या, “पण विमावाल्याकडे डबा आला कुठून? त्याचा तर पाचव्या भागात फुटला होता.”

“तो दुसरा डबा होता, बाबा,” प्लास्टरवाला म्हणाला.

“निळा होता. निळाच फुटला होता.”

“दोन निळे असतील.”

“असतील म्हणजे? बघितलेस तू?” बाबा खुर्चीतून उठले, फोनजवळ वाकले. “हे असं फोनवर जमायचं नाही. उद्या कधी उघडता तुम्ही? येतो मी सूनबाईबरोबर. समोरासमोर बोलू.”

ते बाहेरच्या खोलीत गेले. कपाटाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग वर्तमानपत्र झटकल्याचा.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली, “माझ्या बुटांचं पॉलिश कुठं ठेवलंयस?”