दोन्हीकडचा कीपर

अनिसचं पत्र आलं तेव्हा सोपानरावांनी ते उभ्याउभ्याच वाचलं होतं, मग बसून पुन्हा वाचलं होतं. उत्तर मात्र लिहिलं नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलच्या जाड कागदावरचं पत्र. ‘आप्पा, फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितोय,’ अशी सुरुवात, आणि शेवटी एकच प्रश्न. ‘उजव्या हाताचं बोट दुसऱ्यांदा मोडलंय. कीपिंग असंच चालू ठेवलं तर पुढे बॅट धरणंही अवघड होईल, असं डॉक्टर म्हणतात. संघवाले म्हणतात, तूच ठरव. ग्लोव्ह्ज सोडू का? तुम्ही सांगाल ते ऐकेन.’

त्या शेवटच्या वाक्यापाशीच सोपानरावांचं पेन अडलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात त्यांचा सारा जन्म गेला. बॅट त्यांनी कधी हातात धरली नव्हती. भारताच्या यष्टिरक्षकाला सल्ला द्यायचा तो आपण? मसुदे केले. एकात उपदेश फार वाटला, दुसऱ्यात लाडीगोडी. असं करता करता पावसाळा गेला, दिवाळी गेली. एव्हाना पोरानं काय ते ठरवलं असेल, अशी त्यांनी आपली समजूत काढून घेतली.

खरं तर या सगळ्याचं मूळ वाचनालयामागच्या मैदानात होतं. रविवारी तिथं पोरांचा खेळ रंगायचा. सोपानराव पुस्तक घेऊन कडेला खुर्चीत बसत. ते कुणाच्याच बाजूचे नाहीत, म्हणून पोरांनी त्यांना पंच करून टाकलं. भिडू एक जास्त असला, की सगळ्यात लहान अनिसला दोन्हीकडचा कीपर करायचे. फलंदाजी कुणाचीही असो, यष्टींमागे अनिसच. तोही कुणाच्या बाजूचा नाही, त्यामुळे त्याचा शब्द दोघांना मान्य. चेंडू बॅटला लागला का, हे सोपानरावांच्या चष्म्याला काही दिसायचं नाही. ते अनिसकडे बघत. अनिसनं हनुवटी जराशी वर केली, की ते बोट वर करत.

“आप्पा कुठं आउट देत्यात?” पोरांतला म्हाळू ओरडायचा. “आउट अनिस देतो, आप्पा निस्ता हात वर करत्यात!”

पुढे अनिसच्या वडिलांना, आरिफला, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत काम मिळालं आणि ते कुटुंब तिकडं गेलं. अनिस तिथून पुण्याला आणि पुण्याहून पार भारताच्या संघात गेला. टीव्हीवर तो यष्टींमागे वाकून उभा राहिला, की सोपानरावांना ते धुळीचं मैदान दिसायचं, आपली खुर्ची दिसायची. म्हातारपणी एवढंच एक सुख हाताशी राहिलं होतं, आणि पोरगं नेमकं तेच सोडू का म्हणून विचारत होतं.

बाजारच्या दिवशी आरिफ दारात उभा राहिला.

“का वो आप्पा, तळेगावात शाई मिळत न्हाई का?”

सोपानराव कसनुसं हसले. “ये, बस. सुट्टी आहे?”

“रातपाळी सुटली, तसाच आलो. पोरगं बेंगलोरला हाय, बोटाचा इलाज चाललाय. रोज फोनवर इचारतंय, आप्पांचं पत्र आलं का म्हून.”

“म्हणजे त्यानं अजून ठरवलं नाही?”

“पुढल्या आठवड्यात सांगायचंय. नव्या दौऱ्याची टीम निवडायचीय म्हनं.”

“तुझं काय म्हणणं?”

“माझं सरळ हाय. आमच्या कंपनीत ज्याला दोन मशिनी येत्यात, त्याला कुनी काढत न्हाई. एकच येनारा पयला घरी. निस्ता बॅट्समन झाला आन् चार डाव फसला, की बसला भाईर. बोटाचं काय घेऊन बसलाय, माझं बी वाकडंच हाय.” त्यानं खरोखरच करंगळी पुढं केली. “तुम्ही लिवा, ग्लोव्ह्ज सोडू नको म्हून. तुमचं ऐकतो त्यो.”

सोपानरावांना हायसं वाटलं. बापाचं मत आणि आपल्या मनातली इच्छा एकच निघाली. आता लिहायला हरकत नव्हती. त्यांनी चहा टाकला.

चहा पिता पिता आरिफ जुन्या आठवणींत शिरला. “लई येडं पोरगं बगा. मैदानावरनं आलं, की भैनीला, शिरीनला, बॉलिंग टाकायला लावायचं. ती रडायची, हात दुखला म्हून. त्याची आय मदिना वराडायची, आरं दिसभर खेळूनच आलास न्हवं? तर म्हनायचा कसा, खेळलो कुठं? उभा व्हतो.”

“उभा होतो?”

“व्हय की! दिसभर दोन्हीकडचा, आन् बॅटिंगला कुनाचाच न्हाई!” आरिफ मांडीवर थाप मारून हसला.

सोपानराव हसले नाहीत. मैदानावर संध्याकाळी कुणाला तरी आठवण व्हायची, अरे, अनिसला दोन बॉल टाका. तोवर चेंडूचा मालक घरी निघालेला असायचा. अनिस बॅट हातात घेऊन थोडा वेळ उभा राहायचा, आणि मग ज्याची त्याला देऊन टाकायचा.

“त्याला कीपिंग आवडत नव्हतं का रे?”

“आवडनिवड कोन इचारतंय, आप्पा? ल्हान व्हता, केला उभा. मग नाव झालं.” आरिफनं कप खाली ठेवला. “आता आवडतच आसंल की.” जरा थांबून तो म्हणाला, “नसंल का?”

सोपानरावांनी कागद आणि पेन पुढं ओढलं.

आरिफ बाजाराकडे गेला, तसे ते लिहायला बसले. या वेळी मसुदा केला नाही.

‘चि. अनिस, ग्लोव्ह्ज सोड. तुझे वडील नको म्हणतात आणि त्यांची काळजी खोटी नाही; संघातली जागा जाऊही शकते. हे धरूनच सांगतो आहे. मला स्वतःला तू यष्टींमागेच आवडतोस. पण ते सुख माझं आहे, त्यापायी तुझी बोटं मोडायला नकोत. आम्ही तुला तिथं उभं केलं, कारण तू लहान होतास आणि एक भिडू जास्त व्हायचा. तुला कुणी विचारलं नाही. मी समोर बसून असायचो, मीही नाही. आता मन भरेपर्यंत फलंदाजी कर.’

खाली त्यांनी ‘माझं चुकतही असेल’ असं लिहिलं, आणि खोडलं.

पोस्टात खिडकीशी रुपाली होती. तिनं पाकिटावरचं नाव वाचलं. “आगं बाई, आपला अनिस! काय लिवलंय, आप्पा? शतक मार म्हून?”

“कामाचं आहे.” सोपानरावांचे कान लाल झाले. “स्पीड पोस्टनं पाठव.”

तिनं वजन केलं, पावती फाडून दिली. सोपानराव खिडकीपासून हलले नाहीत.

“रुपाली, हे परत घेता येतं का?”

“पिशवी बंद हुईस्तवर येतं. का वो, काय लिवायचं ऱ्हायलं?”

“नाही. राहिलं काही नाही.” मागं लोक खोळंबले होते, तरी ते तिथंच उभे होते. “तू पिशवी बंद कर. मी आहे तोवरच कर.”

रुपाली हसली, पाकीट पिशवीत टाकलं आणि तोंड आवळून बांधलं.