उस्तादांची खूण

नवा निळा बॉल शिकंज्यात बसवून उस्तादांनी त्यावर पिवळ्या खडूने खूण केली, तेव्हा त्यांच्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मी अजून एकदाही टाकून दाखवलं नाही. खूण कशावरून केलीत?"

"तुझं काय बघायचंय?" उस्ताद ड्रिल पुसत म्हणाले. "माझंच रक्त आहेस. माझा बिंदू जिथे, तिथेच तुझा."

पिना पाडायच्या बोलिंगच्या हॉलमागे उस्तादांची ही खोली होती. गावभरचे खेळाडू बॉलला बोटांची भोकं पाडून घ्यायला त्यांच्याकडे येत, आणि त्यांची ख्याती काही खोटी नव्हती. हातून सुटलेला बॉल फिरतो तो एका बिंदूभोवती, आणि प्रत्येकाच्या हाताचा हा बिंदू वेगळा असतो. तो धरून मापं घेतली की भोकं कुठे पाडायची ते ठरतं, आणि मग बॉल दर वेळी ठरल्या जागी वळतो. बिंदू चुकला की आज इकडे, उद्या तिकडे. हे शिकवणारे कोण? तर स्वतः उस्तादच! गिऱ्हाईक आलं की त्याच्या जुन्या बॉलवर ते पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावत, त्याला टाकायला सांगत आणि लेनच्या कडेला गुडघे मोडून बघत बसत. फिरत्या बॉलवर पट्टी स्थिर दिसली तर बिंदू सापडला. भिरभिरली तर पट्टी सरकवायची आणि पुन्हा टाकायचं. परक्या माणसासाठी एवढे सोपस्कार, आणि घरच्या पोरीसाठी "माझंच रक्त"!

गेल्या वर्षी क्लबच्या संघातून तिला वगळलं, ते "हिच्या हाताचा भरवसा नाही" म्हणून. तेव्हा उस्तादांनीही मान डोलावली होती. ते आठवलं की तिला अजूनही अन्न गोड लागत नसे. मनगट सुजेपर्यंत तिने सराव केला, आणि उस्तादांनीच भोकं पाडून दिलेला बॉल आपला मनाला येईल तिथे वळत राहिला. आता रविवारी पुन्हा निवड होती. हा बॉलही गेला की झालंच.

"ड्रिल ठेवा खाली," ती म्हणाली. "माझ्या जुन्या बॉलवर तुमच्या खुणेच्या जागी पट्टी लावा. आणि चला बाहेर."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. चला."

आई शेजारीच, भाड्याच्या शूजच्या काउंटरवर होती. तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता, कारण खोलीचं दार कधी मिटतच नसे. तिचाच एक जुना, उस्तादांनी भोकं पाडून दिलेला हिरवा बॉल त्या दाराला अडसर म्हणून ठेवलेला होता. लग्नानंतर थोडे दिवस तीही खेळायची. मग "मला नाही बाई जमत" म्हणून तिने नाद सोडला. उस्ताद पाहुण्यांना अजून रंगवून सांगत, "हिचा बॉल शेजारच्या लेनची विचारपूस करून यायचा!" पाहुणे हसत, आणि त्यांच्याबरोबर आईही हसायची.

सकाळची वेळ, हॉल रिकामा. मुलीने बॉल टाकला. पांढरी पट्टी गरागरा गोल काढत गेली.

"मनगट वळलं तुझं," उस्ताद उभ्या उभ्याच म्हणाले.

तिने पुन्हा टाकला. पुन्हा तोच गोल. तिसऱ्यांदाही तोच.

"मनगट काय दर वेळी मापात वळतं का हो?" तिचा आवाज चिरकला. "वर्षानुवर्षं माझ्या हाताला नावं ठेवलीत. लोकांनी ठेवली तेव्हा गप्प बसलात. एकदा, फक्त एकदा खाली बसून बघायला काय झालं होतं?"

तिने स्वतःच पट्टी सोलली, दोन बोटं आत चिकटवली आणि टाकलं. बॉल फिरत गेला आणि पट्टी खिळा ठोकल्यासारखी एका जागी राहिली. ती रडलीच. आनंदाने नव्हे, संतापाने.

उस्तादांनी कान खाजवला. "असेल बुवा. आईवर गेली असशील," ते हसून म्हणाले.

मागे धाडकन दार मिटलं. दोघांनी वळून पाहिलं, तर आई काउंटर सोडून येत होती. पायात भाड्याचे शूज, आणि पोटाशी धरलेला तो हिरवा बॉल.

"हिला तुमचं रक्त म्हणून तुमची खूण दिलीत," आई म्हणाली. "मला कशाबद्दल दिली होतीत?"

"अगं, तेव्हा आपलं नुकतंच… मला वाटलं, तू काय, हौसेपुरती—"

"वाटलं. आणि मी मेली समजत राहिले, माझ्याच हाताला वळण नाही. तुमच्या पाहुण्यांबरोबर दात काढत राहिले."

उस्तादांचं हसू विरलं. मुलीने डोळे पुसले आणि ती लेनवरून बाजूला झाली. "माझा बॉल राहू दे शिकंज्यात," ती म्हणाली. "आधी आईचं बघा."

आईने पदराने बॉलवरची धूळ पुसली आणि तो उस्तादांपुढे धरला. "लावा पट्टी. तुमच्याच खुणेवर लावा."

उस्तादांनी ती लावली.

"आता खाली बसा," आई म्हणाली, "आणि बघा."