मीठ पुरतं होतं

मी एक जुना मीटर आहे. द्रावणातून वीज किती सहज वाहते, ते मी सांगतो. मित्रांनो, माझ्या दोन काळ्या पट्ट्या बुडवल्या की माझा काटा बोलतो, आणि तो कधी खोटं बोललेला नाही. तरी माझ्याच आकड्यावरून एका भल्या माणसाला चोर ठरवलं. तो संताप अजून माझ्या तारांत आहे.

औषधी मिठाच्या कारखान्यात मी वहिनींच्या टेबलावर असे. वहिनी द्रावणं तपासत. कारखाना त्यांचे दीर चालवत, सगळे त्यांना मालक म्हणत. एकदा दाट द्रावण हवं होतं, म्हणून तोलणाऱ्या काकांनी पिंपात दुप्पट मीठ ओतलं. वहिनी रजेवर होत्या, तेव्हा मालकांनी स्वतःच मला बुडवलं. माझा आकडा वाढला, पण दुप्पट झाला नाही.

"काका, उरलेलं मीठ घरी गेलं वाटतं," मालक सगळ्यांसमोर म्हणाले.

"मालक, मीठ खाल्लंय तुमचं. पळवलं नाही." काकांनी कामाची टोपी खुंटीला अडकवली आणि निघून गेले.

अहो, मला विचारलंत का कुणी? मीठ विरघळलं की त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सुटे होतात. कुणावर अधिक भार, कुणावर उणा. प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू कोंडाळं करतात. जागा ऐसपैस असली की हे आयन मोकळे फिरतात, वीज वाहून नेतात. गर्दी झाली की अधिक-उणे एकमेकांना धरून राहतात, कधी मध्ये पाणी ठेवून, कधी अगदी बिलगून. अशी जोडी वीज नेत नाही. मग माझा काटा तिच्यासाठी का हलावा? सगळी डोकी मोजायचं काम देवानं मला दिलेलंच नाही.

वहिनी परतल्या. "भाऊजी, पातळ द्रावणाचा हिशेब तुम्ही दाटाला लावलात." त्यांनी त्याच पिंपातलं थोडं द्रावण मोजून भरपूर पाण्यात मिसळलं. जोड्या सुटल्या. मग मला बुडवून हिशेब केला, तर मीठ पुरतं निघालं.

मालकांनी मला थोपटलं. "सुधारला बरं का मीटर."

मी बिघडलो कधी होतो?

"मीटरचं राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "काकांना बोलवा."

काका आले, पण उंबऱ्यातच थांबले.

"आत या ना," मालक हळूच म्हणाले.

"चोर म्हणालात तेव्हा आवाज मोठा होता."

मालकांनी मान खाली घातली. मग सगळ्यांना बोलावून मोठ्यानं सांगितलं, "मीठ पुरतं होतं. चूक माझी."

काकांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर चढवली.

मित्रांनो, माझ्या पट्ट्या धुऊन स्वच्छ पाण्यात ठेवा, एवढं तर कराच. पण माझा आकडा दाखवून कुणावर बोट रोखण्याआधी, मी नेमकं काय मोजतो ते जाणून घ्या.