एक्केचाळीस नंबरचं घर

काटाताईंनी वजनकाटा संचालकबाईंच्या टेबलावर ठेवला आणि त्याची धुतलेली झोळी घडी करून शेजारी ठेवली. तीन वर्षं दोन वस्त्यांतली मुलं त्यांनी या झोळीत बसवून तोलली होती. काटाताई हे नावही तिथल्याच बायकांनी पाडलेलं. सार्वजनिक आरोग्य संस्थेने वरच्या वस्तीला पाणी गाळायची यंत्रं दिली, खालच्या वस्तीला दिली नाहीत. फरक किती पडतो ते पाहायचं होतं. संशोधनात याला तुलनेचा गट म्हणतात; खालच्या वस्तीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

फरक दुसऱ्याच वर्षी दिसला होता. पण कोणी आकड्यांवर बोट ठेवायला नको म्हणून आणखी एक वर्ष मोजू, असं संचालकबाईंनी ठरवलं. त्या वर्षात खालच्या वस्तीतली चार मुलं गेली.

“खालच्या वस्तीची यंत्रं मंजूर झाली बरं का!” संचालकबाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात बसतील.”

“वरातीमागून घोडं,” ताई पुटपुटल्या.

“चार वाजता संस्थेचा सत्कार आहे, तिथं पुढच्या रांगेत बसा. तुमच्या नोंदींवर तर सगळं उभं आहे. ते खालच्या वस्तीतलं एक्केचाळीस नंबरचं घर बघा, बाळ इतकं आजारी असताना एकही आठवडा चुकला नाही.”

“ते माझ्या लेकीचं घर.”

संचालकबाईंनी नोंदवही ओढून पान काढलं. वळणदार अक्षरात, आठवड्यागणिक उतरत गेलेलं वजन. शेवटी वजनाच्या जागी एक आडवी रेघ.

“अहो, मग एक यंत्र नेऊन द्यायचं! मला विचारायचं तरी!”

“आले होते विचारायला. या दारापर्यंत. तुम्ही आत नव्या लोकांना शिकवत होतात, आपण मध्ये पडलो की आकडे खोटे होतात म्हणून.” ताईंनी झोळीची घडी उगाच मोडून पुन्हा घातली. “मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई सांगतायत, तर बरोबरच असणार.”

संचालकबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायलाही तोंड उरलं नव्हतं.

“काटा जमा केल्याची तेवढी पोच द्या. माझी बस चुकेल.”

संचालकबाईंनी पोचपावतीवर सही केली. वस्तूची स्थिती, हा रकाना कोरा राहिला होता.

“इथं काय लिहू?”

“चांगली लिहा,” ताई म्हणाल्या. “शेवटपर्यंत बरोबर वजन दाखवत होता.”