डोकं टेकेपर्यंतचं भाडं

आमच्या घरात मला 'शिडी' म्हणतात. नाव दादाने ठेवलं, पण आईनेही ते उचलून धरलं याचा राग मला अजून आहे. दहावीत मी वडिलांच्या वर गेले. तेव्हापासून फोटो काढायची वेळ आली की आई माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबायची. "जरा वाक गं, सगळ्यांच्या डोक्यावर येतेस." इतक्या वेळा दाबली गेले की मान खाली घालून चालायची सवयच लागली.

परक्या शहरात वर्षभराच्या सेवेसाठी माझी निवड झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी अक्षरशः नाचले. काम होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं. त्यांची पत्रं वाचून दाखवायची, औषधं डब्यांत लावायची, बल्ब बदलायचे. अर्जात बल्बच्या पुढे मी दोनदा खूण केली होती. इकडे मामाने मात्र आपल्या फरशीच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची झटकून ठेवली होती. "येईल आठवड्यात परत," असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

संयोजकबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सोमवारी दहापर्यंत राहायचा पत्ता द्या, नाहीतर तुमची जागा यादीतल्या पुढच्याला. आणि भाडं मानधनाच्या निम्म्याच्या आत हवं. मागच्या वर्षीच्या मुलाचे सगळे पैसे खोलीतच गेले. मग तो ज्यांची सेवा करायची, त्यांच्याच घरी दोन्ही वेळ जेवायला बसू लागला."

मग मी खोल्या बघत वणवण फिरले. 'हवेशीर' खोलीत खिडकीच्या जागी नुसतं भोक होतं. 'स्वतंत्र प्रवेश' होता तो शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, तोही शेजारी जागे असतील तर. 'घरच्यासारखं वातावरण' असलेल्या मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तेवढी वरची जाळी काढतेस?" मी चारही कोपरे झाडले. झाडून झाल्यावर कळलं की खोली कालच गेली. वातावरण मात्र खरोखरच घरच्यासारखं होतं.

रविवारी दुपारी एकच पत्ता उरला. माळ्यावरची खोली, मालक निवृत्त वजनमापे निरीक्षक. जाहिरातीत लिहिलं होतं, 'भाडं भाडेकरूच्या मापाने'. ते वाचून माझं डोकंच फिरलं. आता उंचीवरही भाडं! भांडायच्या तयारीनेच मी जिना चढले.

निरीक्षक दारातच टेप घेऊन उभे होते. भांडण काढायला त्यांनी मला वेळच दिला नाही.

"छप्पर बघा," ते म्हणाले. छप्पर एका बाजूने उतरत उतरत थेट जमिनीला टेकलं होतं. "जिथे भाडेकरूला उभं राहता येत नाही, त्या जागेचे पैसे घेणं म्हणजे मापात पाप. आयुष्यभर मी दुकानदारांना त्यासाठीच पकडलं. तुम्ही उतरत्या बाजूला चालत जायचं. डोकं टेकलं की थांबायचं. तिथे मी रेघ मारणार. रेघेच्या अलीकडचं भाडं, पलीकडचं फुकट."

"म्हणजे उंच माणसाला स्वस्त?"

"अर्थात. आधीचा भाडेकरू बुटका होता. चालत चालत पार कोपऱ्यात गेला बिचारा. महिनाभरही टिकला नाही."

जन्मात पहिल्यांदा मला स्वतःच्या उंचीचा आनंद झाला. मी चालत गेले, थांबले. त्यांनी खडूने रेघ मारली, वहीत गुणाकार केला आणि चष्मा काढला. भाडं निम्म्याच्या वर जात होतं. रेघ वीतभर अलीकडे असती तर बसलं असतं.

"काका, केस वर बांधले तर?"

"केस दबतात. दबतं ते माप नाही."

"टाचांचे बूट?"

"ते घालून झोपणार आहात?"

"झोपेत उभी कशाला राहीन?"

त्यांनी खरोखर विचार केला. "मुद्दा आहे. पण नाही."

"मग थोडं कमी करा ना."

मी लाच पुढे केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकाला कमी केलं की माप खोटं."

मला रडूच आलं. मामाची झटकलेली खुर्ची डोळ्यांपुढे नाचू लागली.

"अण्णा, तुझं माप चुकलंय," दारातून आवाज आला. निरीक्षकांची धाकटी बहीण, निवृत्त कवायतीच्या बाई. गळ्यात अजून शिट्टी होती. "डोकं छपराला टेकायच्या आधीच ही मान खाली घालते. म्हणून आत जाते. दिसत नाही तुला?"

निरीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सवय आहे हो ती," मी पुटपुटले.

"त्या सवयीचंच भाडं लागतंय तुला. चल, परत ये. टाचा जुळव. खांदे मागे. हनुवटी वर." आणि फुर्रर्र शिट्टी.

पहिल्यांदा मान आपोआप वाकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी दात-ओठ खाऊन चालले आणि वाशावर डोकं असं दणकन आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"तिथेच थांबा!" निरीक्षक आनंदाने ओरडले.

नवी रेघ चांगली दीड वीत अलीकडे आली. त्यांनी तीनदा मोजलं, माझी हात जोडून माफी मागितली आणि पावती लिहिली. भाडं निम्म्याच्या आत होतं. सोमवारी पावणेदहाला मी टेंगूळ मिरवत पत्ता देऊन आले.

एकच अट होती. दर पहिल्या तारखेला फेरमोजणी. वाकलेली सापडले तर भाडं वाढणार. त्यामुळे वर्षभर मी जिना चढताना शिट्टी वाजायची, आणि हळूहळू ती कमी वाजू लागली. शहरभरच्या म्हाताऱ्यांचे बल्ब मी स्टूल न घेता बदलले. एका आजोबांनी तर चांगला चालणारा बल्ब तीनदा बदलून घेतला, नुसतं बघायला मजा येते म्हणून.

वर्ष संपलं. बसथांब्यावर आई न्यायला आली होती. तिने मला पाहिलं आणि बॅग हातात घ्यायचीच विसरली.

"अगं बाई, आणखी वाढलीस?" तिचा हात सवयीने माझ्या खांद्यावर आला. "जरा वाक बघू."

"नाही गं आई," मी म्हणाले. "परवडत नाही."